मोक यांच्या शेगडीचा परवाना

१५ ऑक्टोबर, बुधवार

होइतिंगने आज मला पेचात पकडलं. माझ्या भावाची ही मुलगी लहानपणापासून अशीच. आधी संत्री घेऊन येते, मग मागणं काढते. आज पिशवीभर संत्री होती, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

तिला पाचवा महिना आहे आणि डॉक्टरांनी चालणं बंद केलंय. तिचा धंदा मात्र चालण्याचाच. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी परदेशी पाहुण्यांना शॅम शुई पो या आमच्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून हिंडवायचं, चार ठिकाणी बसवून खाऊ घालायचं आणि खाताना काय खातोय ते इंग्रजीत सांगायचं. मदतीला ठेवलेला माणूस सोडून गेला. आता तिचं म्हणणं, बाळ होऊन ती हिंडूफिरू लागेपर्यंत आत्याने ही जबाबदारी घ्यावी, कारण आत्याचं इंग्रजी मिशनरी शाळेतल्या सिस्टरांनी छडी मारून घडवलेलं आहे.

मी म्हटलं, मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ होते. याच दुकानांत जाऊ नका हे लोकांना सांगण्यात माझं अख्खं आयुष्य गेलं.

"मग तुला सगळी दुकानं पाठ असतील ना, आत्या," ती म्हणाली.

मी एकाही दुकानात पाऊल टाकलेलं नाही. हे तिला सांगितलं नाही. अडुसष्टाव्या वर्षी असलं काही कबूल करायचं नसतं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सात पाहुणे. त्यात एक ऑस्ट्रेलियन बाई, प्रत्येक गोष्टीला 'किती गोड' म्हणणारी.

पहिल्याच दुकानात घोटाळा. इथे बसल्यावर कपबश्या गरम चहाने विसळून घ्यायच्या असतात, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. यात सांगण्यासारखं काय आहे? मी मान खाली घालून माझी वाटी विसळत होते. वर पाहिलं तर सातही जण विसळलेलं पाणी अदबीने पीत होते. ऑस्ट्रेलियन बाई म्हणाली, फार नाजूक चव आहे. मी पिऊ दिलं. उकळतं होतं, कोणी मरणार नव्हतं.

मग नूडल्स आल्या. दुकानाचा मालक मागच्या खोलीत जाड बांबूच्या एका टोकावर बसून कणकेवर उड्या मारत होता, झोक्यावरच्या पोरासारखा. एक पाय जमिनीवर, दुसरी मांडी बांबूवर, आणि पिठाचा गोळा हळूहळू पसरत जातो. मी हसणार होते. पण त्या नूडल्स तोंडात गेल्या आणि मला सिस्टर इमेल्डाचा मॅकरोनीचा तास आठवला. आठ मिनिटं उकळा, पांढरा सॉस ओता, प्रभूचे आभार माना. आम्ही खरोखरच आभार मानत होतो. आमच्या शाळेपासून चार चौक अंतरावर हा माणूस, आणि त्याच्या आधी त्याचा बाप, बांबूवर बसून हे करत होता, आणि मला कोणीही सांगितलं नाही. आईनेसुद्धा नाही. ती म्हणायची, रस्त्यावर बसून खाणारी मुलगी रस्त्यावरचीच होते.

शेवटचा थांबा मोक यांचा हंडीभाताचा स्टॉल. हिरव्या पत्र्याची टपरी, बाहेर फरसबंदीवर टेबलं, आत कोळशाच्या शेगड्यांच्या दोन ओळी. हा भात लोक थंडीत खातात, आणि थंडीला अजून वेळ आहे म्हणून गर्दी नव्हती. मी एकच घास घेतला. घरी येऊन अंगावरच्या कपड्यांना येणारा धुराचा वास बराच वेळ घेत बसले होते. उद्या धुवायला टाकते.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी चर्चमध्ये सर्व संतांच्या सणाची मिस्सा. संध्याकाळी सापाचं सूप. ही दोन वाक्यं मी एकाच दिवसाखाली लिहीन असं कधी वाटलं नव्हतं.

सुपात सापाचे दोऱ्यासारखे धागे, कोंबडी, कानासारखी काळी भूछत्रं, आणि वरून स्वतःच्या हाताने टाकायची लिंबाची बारीक चिरलेली पानं आणि शेवंतीच्या पाकळ्या. फूल घशाखाली उतरताना मला कोणी काही विचारू नये असं वाटत होतं. एक डच गृहस्थ नेमकं तेव्हाच विचारत होते, यात प्रथिनं किती. मी म्हटलं, खा.

मोक यांच्याकडे आज उभी राहून काम नीट पाहिलं. एकाच वेळी चौदा हंड्या, प्रत्येकीची वेळ वेगळी. झाकण उघडत नाहीत. हंडी शेगडीवर तिरकी करून एक बाजू भाजतात, मग दुसरी, मग तिसरी, आणि स्वतःचा कान हंडीकडे लावतात. आतून तडतड आवाज आला की उतरवतात. तळाला लागलेली खरवड सोनेरी असते, काळी कधीच नसते. मी त्यांना म्हटलं, तुम्ही जुन्या काळी टेलिफोन खात्यात जायला हवं होतं, तिथे असे कान लागायचे. ते म्हणाले, तिथे भात मिळाला नसता.

त्यांच्याबरोबर त्यांची मेहुणी काम करते, यिम. मोक यांची बायको वारली त्याच्या आधीपासून ती या टपरीत आहे, बावीस वर्षं झाली. ती सॉसेज कापते, टेबलं पुसते, हिशेब तोंडी ठेवते आणि दिवसभर मोक यांना बोलते. "भाऊजी, हे मीठ आहे की समुद्र?" "भाऊजी, त्या माणसाने बदक मागितलंय, तुमची मतं नाहीत." ते एकदाही उलट बोलत नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार

उत्तरेचा वारा सुटला. रस्त्यावर प्रत्येक दुकानाबाहेर सुकवलेली बदकं आणि सॉसेजं लटकायला लागली. मोक यांच्याकडे आज रांग होती.

सगळ्यांना प्लास्टिकची स्टुलं, मला पाठ टेकायची लाकडी खुर्ची. वय दिसतं बाईचं, दुसरं काय. माझ्या हंडीत सॉसेज नव्हतं. खारवलेल्या माशाचा छोटा तुकडा आणि वाफवलेलं खिमा केलेलं मांस होतं, आणि सोया सॉस वेगळ्या वाटीत. मी कधीतरी बोलता बोलता म्हणाले होते की सॉसेजात मीठ फार असतं. ते ऐकलेलं दिसतंय. आपलं शास्त्रीय म्हणणं कोणी इतक्या मनावर घेतं हे पाहून बरं वाटलं. रुग्णालयात डॉक्टरसुद्धा घेत नव्हते.

यिम पाहुण्यांसमोर मला म्हणाली, "मिस, बुधवार-शनिवार आमच्या भाऊजींच्या गालावर वस्तरा फिरतो हल्ली."

मी म्हटलं, अन्न हाताळणाऱ्या माणसाने रोजच दाढी करावी. यिम हसत राहिली. मोक हंड्यांकडे तोंड करून उभे होते.

लोकरीचा नवा स्कार्फ घेतला, निळा. वाऱ्यासाठी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज स्टॉलवर पोचलो तेव्हा मोक उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसले होते आणि शेगड्यांपाशी यिम एकटीच होती. ओठ पांढरे. मी मनगट धरलं. नाडी अशी धावत होती जसे कोणी जिन्यावरून बटाटे सांडावेत. ते म्हणाले, काही नाही, दुपारी जेवलो नाही. ज्याच्या हाताखालून रोज शंभर लोकांचं जेवण जातं तो दुपारी जेवत नाही. मी पाहुण्यांसमोरच त्यांना झापलं. ऑस्ट्रेलियाचे असते तर म्हणाले असते किती गोड, पण आज कॅनडाचे होते, त्यांनी निमूटपणे स्टुलं ओढली.

पाहुणे पांगल्यावर यिमने सगळं सांगितलं. हृदयाची झडप. शस्त्रक्रिया जानेवारीच्या शेवटी. डॉक्टर म्हणतात, बहुतेक उठतील. बहुतेक.

आणि न उठले तर स्टॉलही नाही. या जुन्या टपऱ्यांचा परवाना नवऱ्याच्या नावावरून फक्त बायकोच्या नावावर जातो, किंवा बायकोच्या नावावरून नवऱ्याच्या. मुलाच्या नाही, भावाच्या नाही, बावीस वर्षं शेगडीशी उभ्या राहिलेल्या मेहुणीच्या तर नाहीच नाही. मोक यांना मूल नाही, बायको गेली. ते गेले की परवाने देणाऱ्या खात्याची गाडी येऊन हिरवा पत्रा उचलून नेणार.

"आणि तू?" मी यिमला विचारलं.

"मी काय. मी भांडी घासायला कुठेही जाईन, मिस. ही आग कुठे नेऊ?"

मला झोप लागणार नाही. असला नियम करणाऱ्या माणसाने आयुष्यात हंडीभात खाल्लेला नसणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार

खात्यात गेले. खिडकीतल्या तरुणाशी मुद्दाम इंग्रजीत बोलले, तो घाबरावा म्हणून. त्याने माझ्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत उत्तर दिलं. मिशनरी शाळेचाच निघाला. नियम त्याला तोंडपाठ होता, आणि नियमाबद्दल त्याला वाईटही वाटत होतं, त्यामुळे मला नीट भांडताही आलं नाही. मी त्याला सांगितलं की एक अख्खी कला या कागदाखाली मरते आहे. तो म्हणाला, मॅडम, माझे आजोबाही त्याच स्टॉलवर जायचे. मग हळू आवाजात म्हणाला, जोडीदार असेल तर काही अडचण नाही.

बसमध्ये ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं. जोडीदार असेल तर. इतकं सरळ आहे आणि कोणालाच सुचलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

सांगून टाकलं. पाहुणे गेल्यावर, टेबलं पुसून होत असताना, दोघांनाही समोर बसवलं आणि म्हटलं, तुम्ही लग्न करा. यिम अठ्ठावन्न वर्षांची आहे, तब्येतीने खणखणीत, काम येतं. परवाना तिच्याकडे जाईल आणि पुढची वीस वर्षं कोणी या पत्र्याला हात लावणार नाही. यात भावनेचा प्रश्न नाही, हा कागदाचा प्रश्न आहे.

यिमच्या हातातलं फडकं थांबलं. मग ती म्हणाली, "याच्याशी? बावीस वर्षं याची झाकणं घासली, आता मोजेही धुऊ?" पण ती नेहमीसारखी मोठ्याने बोलली नाही.

मोक यांनी कोळशाकडे पाहिलं. मग विचारलं, "मिस, त्या खात्याला बायको कोणीही चालते ना?"

मी म्हटलं, कायद्याने कोणीही. पण शहाणपणाने नाही. जिचे हात या आगीला सरावलेले आहेत अशीच हवी, उगाच कोणीतरी नको.

"तुम्हाला हेच योग्य वाटतं?"

मी म्हटलं, मला काय वाटतं याला महत्त्व नाही, नियम तसा आहे. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, त्याच शब्दांत. मीही तेच उत्तर दिलं. बहिरे नाहीत ते, मी त्यांचे कान पाहिले आहेत. आजारी माणसाला गोष्टी दोनदा सांगाव्या लागतात.

मग ते उठले आणि निखाऱ्यांवर राख ओढली. बरं, म्हणाले.

१० डिसेंबर, बुधवार

ठरलं. नोंदणीसाठी सोमवारी अर्ज देणार. यिमने आज सॉसेज कापताना हे मला असं सांगितलं, जसं कोळशाची गाडी उशिरा येणार आहे म्हणून सांगावं. होइतिंगला फोनवर सांगितलं.

"आत्या, तू त्यांचं लग्न यिमताईशी लावलंस?"

मी म्हटलं, कोणीतरी डोकं वापरायला हवं होतं.

ती म्हणाली, आत्या, तू ना. आणि फोन ठेवला. सातव्या महिन्यात माणूस हळवा होतो, आयोडीन कमी पडत असेल. उद्या तिला समुद्रशैवालाचं सूप नेऊन देते.

आजच्या पाहुण्यांत पोर्तुगालचं एक म्हातारं जोडपं होतं. बाई एकाच हंडीतली खरवड चमच्याने काढून नवऱ्याला भरवत होती. मी त्यांना सांगितलं की सॉस कडेने ओता, झाकण लावा, दोन मिनिटं थांबा, मग ढवळा. आता हे सांगताना मला कागद पाहावा लागत नाही. भाताचा प्रत्येक दाणा सुटा, प्रत्येकाला तेलाची चकाकी, आणि खाली ती खरवड, जी दातांखाली मोडते आणि मग गोड लागते. बत्तीस वर्षं मी लोकांच्या ताटात एक वाटी मऊ भात लिहिला, बिनमिठाचा. त्यांतले काही बरे होऊन घरी गेले, हे त्यांच्या नातेवाइकांचं कर्तृत्व.

२० डिसेंबर, शनिवार

दुपारी दारावर यिम. चार मजले चढून आली होती, हातात गोड बटाट्यांची पिशवी. ही बाई कधी माझ्या घरी आली नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसली, बटाटे मांडीवरच.

आधी इकडचं तिकडचं बोलली. मोक यांच्या औषधांच्या वेळा विचारल्या, त्या मी लिहून दिल्या. मग म्हणाली:

"मिस, तुम्ही शिकलेल्या, म्हणून सरळ बोलते. परवाना कोणाच्याही नावावर झाला तरी भात मीच शिजवणार आहे. मला कागद नको, शेगडी हवी. तुम्ही एक शब्द बोललात तर मी सही करणार नाही. माझं काही अडणार नाही त्यात."

मी म्हटलं, कसला शब्द?

तिने बटाट्यांची पिशवी टेबलावर ठेवली. "बुधवारी संध्याकाळी सहानंतर तो रस्त्याच्या कोणत्या टोकाकडे बघतो, ते मी बघते, मिस. माझ्या बहिणीकडेही असा बघत नव्हता. मला राग नाही. मी त्याला बहिणीसाठी सांभाळला, आता तुमच्यासाठी सांभाळीन."

मी तिला समजावलं. मी अडुसष्ट वर्षांची आहे, ती अठ्ठावन्न. मोक यांच्यामागे परवाना माझ्याकडे आला तर तो किती वर्षं टिकेल, तिच्याकडे आला तर किती, ही साधी वजाबाकी आहे. शिवाय मला एक अंडंही धड उकडता येत नाही. हे सगळं मी अगदी शांतपणे सांगितलं. सही करताना काळी शाई वापर, असंही सांगितलं, निळी ते घेत नाहीत.

"वजाबाकी," ती म्हणाली. मग उठली. दारात थांबून म्हणाली, "त्या रात्री तुम्ही दुसऱ्यांदा तेच उत्तर दिलंत आणि तो शेगडीकडे वळला ना, तेव्हा त्याचा चेहरा तुम्ही नाही पाहिलात. मी पाहिला."

ती गेल्यावर लक्षात आलं की तिला चहा द्यायचा राहिला. असं माझ्याकडून कधी होत नाही. बटाटे टेबलावर ठेवून गेली आहे. सोळा आहेत, एकट्या बाईला सोळा बटाटे काय करायचे.

संध्याकाळची फेरी नेहमीप्रमाणे. नऊ पाहुणे.

७ जानेवारी, बुधवार

सकाळी नोंदणी कार्यालय. मी आणि बांबूवाला नूडलमास्तर, दोघे साक्षीदार. यिमने लाल जाकीट घातलं होतं आणि केस कापून आली होती, चांगली दिसत होती. मी तसं तिला सांगितलं. मोक यांचा सूट त्यांच्या पहिल्या लग्नाचा असावा, खांद्यांवर लोंबत होता.

तिथल्या बाईने आमच्याकडे पाहिलं आणि मला वधूच्या खुर्चीत बसायला सांगितलं. मी निळा स्कार्फ आणि चांगला कोट घातला होता, तिचा काही दोष नाही. मी म्हटलं, मी साक्षीदार आहे. कोणी हसलं नाही. नूडलमास्तर हसणार होता, पण त्यालाही खोकला आला.

शपथ मोक यांनी इतक्या हळू घेतली की त्या बाईने त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. यिमने एका दमात म्हटली, जणू भाव सांगतेय. मी सही केली. माझं अक्षर सुंदर आहे, हे सगळेच म्हणतात.

दुपारीच त्यांनी शेगड्या पेटवल्या. थंडीचा दिवस फुकट घालवायचा नाही, असं यिम म्हणाली. बायको म्हणून हे तिचं पहिलं वाक्य.

त्या दोघांचं मला मनापासून कौतुक वाटतं, हे मी इथे लिहून ठेवते. एकमेकांना न विचारता हातात हात देणारी माणसं मी आयुष्यात फार पाहिली नाहीत. तो हंडी पुढे करतो, तिचं फडकं आधीच तिथे असतं. स्टॉल राहील. यंदा राहील, पुढच्या थंडीतही राहील. मला आणखी काय हवं होतं?

१० जानेवारी, शनिवार

फेरीचा क्रम बदलला.

होइतिंगची मांडणी मुळातच चुकीची होती. नूडल्स, सूप, मग सोयाच्या दुधाचं पुडिंग आल्याच्या पाकात, आणि त्यानंतर हंडीभात. गोड मध्येच कोण खातं? तिचं कारण असं की भात खाल्ल्यावर पाहुणे उठून चालत नाहीत, म्हणून तो शेवटी. हे काही शास्त्र नव्हे. गोड शेवटीच असावं. म्हणून आता आधी मोक यांचा स्टॉल, साडेपाचला, उजेड असतानाच. मग सूप, मग नूडल्स, मग पुडिंग, आणि तिथूनच सगळे आपापल्या वाटेला.

साडेपाचला तिथे घाई असते. कोळसा नुकता पेटलेला, दोघांनाही मान वर करायला फुरसत नसते, आणि आम्हालाही पुढे जायचं असतं. खाऊन झालं की निघायचं. बसून राहण्याचा प्रश्न येत नाही.

मोक यांनी हंडी माझ्यासमोर ठेवली. यिम पलीकडे बदक तोडत होती.

"आता शेवटी नाही येणार, मिस?"

मी म्हटलं, नाही. भात आधी खावा. पोटाला तेच बरं असतं.

त्यांनी झाकणावरून फडकं फिरवलं, झाकण स्वच्छ होतं तरी. "बरं, मिस," ते म्हणाले, आणि शेगड्यांकडे गेले.

पाहुणे अर्थातच नंतर कुरकुरले. सूप कोणाच्या पोटात जाईना, नूडल्सच्या दुकानात दोघे जण वाटी तशीच टाकून बसले. होइतिंगचा रात्री फोन, आत्या, हे चालणार नाही, जुनाच क्रम बरा होता.

मी तिला सांगितलं, सुरुवातीला जड जाईल. मग सवय होईल.